पंच्याहत्तर टक्क्यांची सावड

संपादकांचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न पडला की यांना माझा नंबर दिला कुणी. दुसरा प्रश्न, एका निवृत्त कारकुनाकडून दिवाळी अंकासाठी लेख मागण्यात यांचा काय फायदा. "अगदी मोकळेपणानं लिहा," असं ते म्हणाले. मोकळेपणानं लिहा म्हणणाऱ्यांपासून मी नोकरीत कायम चार हात लांब राहिलो. तरी लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि तोंडी सांगायला गेलं की ऐकणारा मध्येच माझी समजूत घालायला लागतो.

मी संशयी माणूस आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं. माझी बायको कोल्हारची, नदीकाठची, मोकळ्या मनाची. ती म्हणते, तुम्ही दुधाचा वास घेता ते ठीक, पण त्यानंतर दूधवाल्याकडे ज्या नजरेनं बघता त्यानं दूध नासतं. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझं कौतुक केलं तेव्हाही मी मनात नोंद करत होतो, कोण किती खोटं बोलतंय त्याची.

शेवगाव ते नेवासा या पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी तेहेतीस वर्षं काढली. विद्यार्थी मला भाऊसाहेब म्हणत. माझ्याकडे हजेरीचं टेबल. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॉलेजात हजेरी घेतात ते प्राध्यापक. ते फक्त नंबर पुकारतात. खरी हजेरी ऑफिसात होते. महिना संपला की सगळ्या वर्गांची मस्टर माझ्या टेबलावर यायची, मी प्रत्येक पोराचे दिवस मोजायचो, टक्केवारी काढायचो. पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेला की नाव यादीत. यादी फळ्यावर लागली की त्याचा परीक्षेचा फॉर्म अडला. प्राचार्यांना थोडी सूट देता येत असे, पण साठच्या वर असेल त्यालाच. साठच्या खाली असलेल्याचं वर्ष गेलं. पोरं त्या यादीला काळी यादी म्हणत. माझी यादी एकदा लागली की बदलत नसे, अशी ख्याती होती, आणि ती ख्याती मला आवडायची.

आमच्या कॉलेजातली निम्मी पोरं कुठं ना कुठं कामाला. कुणी पेट्रोल पंपावर, कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी दूध संकलनाच्या केंद्रावर फॅट तपासायला. घरची पाच-सहा महिने उसाच्या फडावर गेलेली, मागं राहिलेल्या पोराला स्वतःचं स्वतः बघायचं असतं. त्यामुळे सकाळी वर्ग आणि दुपारी काम, किंवा सकाळी काम आणि वर्गाला दांडी, असा सगळा कारभार. दांडी मारणारा कधीच सांगत नाही की मी कामावर होतो. तो आजारी पडतो. मी हजेरीच्या टेबलावर बसलो तेव्हा मला वाटलं, तालुक्यात कसली साथ आहे की काय.

मग माझ्या लक्षात यायला लागलं. ही साथ लग्नतिथीला येत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लग्नाच्या तारखांना लाल गोल करून ठेवले आणि मस्टर शेजारी धरलं, तर एफ.वाय.ची चौदा पोरं नेमकी त्याच दिवशी तापानं फणफणलेली. सगळी मंगल कार्यालयात वाढपी. कांद्याच्या लिलावाच्या वारी दुसरी टोळी आजारी. आठवडे बाजाराला तिसरी. कारखान्याचं गाळप सुरू झालं की चौथी. पुढं पुढं मी एखाद्या पोराची गैरहजेरी बघून त्याचा धंदा सांगायचो. "कसा आहे कांद्याचा बाजार?" असं विचारलं की पोरगं ताप विसरून भाव सांगून मोकळं व्हायचं.

कोरोनानंतर कॉलेजात मोबाईलवर हजेरी आली. पोरानं वर्गात बसून आपल्या मोबाईलवर बटण दाबायचं. साहेब लोक खूश. मला त्याच दिवशी शंका आली होती. आठवड्याभरात एका पोराची पिशवी उघडायला लावली, आत सहा मोबाईल. मी विचारलं, हे कुणाचे? तो अगदी शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, समदे हजर हायेत. फकस्त मानसं लिलावाला गेल्यात." त्या उत्तराला मी मनातून दाद दिली आणि सहाही नावं लिहून घेतली.

कधी कधी माझा नेम चुकायचाही. एका पोरानं मंडपवाल्याचं पत्र आणून दिलं होतं, सदर विद्यार्थी आमच्याकडे कामाला असून वगैरे. पत्रातलं अक्षर त्या पोराचंच. मी त्याच्या परीक्षेच्या पेपराशी ताडून बघितलं, तेच अक्षर, 'श'ची तीच शेपटी. मोठा मासा सापडला म्हणून मी स्कूटर काढून थेट त्या मंडपवाल्या आण्णांकडे गेलो. ते खांब मोजत उभे होते. पत्र पुढं केलं तर त्यांनी उलटं धरलं. म्हणाले, "मला कुठं येतंय लिवाया. माझं समदं त्योच लिवतो. लायटीच्या बोर्डाचा अर्जबी त्यानंच लिवलाय." म्हणजे पत्र पोरानंच लिहिलं होतं आणि तरी खरं होतं. मी परत आलो, पत्र फायलीला लावलं. त्या पोराची माफी मागितली नाही. मागायला हवी होती, पण कारकुनानं एकदा माफी मागितली की रांग लागते, असं मला तेव्हा वाटायचं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो.

कोरोनाच्या आधीची, साधी मस्टर होती तेव्हाची गोष्ट. टी.वाय. बी.कॉम.चा वर्ग. त्यात नदीकाठच्या एकाच गावच्या चार मुली होत्या. एकाच एस.टी.नं यायच्या, एकाच बाकावर बसायच्या. कॉलेजपासून दोन किलोमीटरवर भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे, तिथं चौघी कामाला. ट्रेमध्ये कोकोपीट भरायचं, एकेका खळग्यात एकेक बी टाकायचं, रोपं वर आली की मोजून गाड्यांत लावायची. दुपारी कॉलेज सुटलं की चौघी तिकडं जायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

मला शंका आली ती एका आकड्यावरून. चौघींतली एक वैशाली. बारीक, उंच, कमी बोलणारी. तिची हजेरी जून महिन्यात पंच्याहत्तर टक्के. जुलैत पंच्याहत्तर. ऑगस्टमध्ये पंच्याहत्तर. दुसरं सत्र सुरू झालं, पुन्हा पंच्याहत्तर. माणसाची हजेरी अशी नसते. माणूस एखाद्या महिन्यात आजारी पडतो, एखाद्या महिन्यात भावाचं लग्न निघतं, कधी उत्साहात नव्वदवर जातो. महिन्याच्या महिन्याला बरोबर नियमाच्या रेघेवर उभी राहणारी मुलगी मी तेहेतीस वर्षांत दुसरी पाहिली नाही. मी मनात म्हटलं, कुणीतरी हा आकडा बसवतंय.

मग मी वर्गाच्या खिडकीखाली उभा राहायला लागलो. पाणी प्यायचा माठ तिथंच होता, त्यामुळे सोयही होती. सर नंबर पुकारायचे, पोरं 'हजर' म्हणायची. चौघींच्या चार नंबरांना चार 'हजर' यायचे, पण दोन 'हजर' एकाच गळ्यातून. दुसरा जरा नाकातून काढलेला. मी डोकावलो, बाकावर तीन मुली.

आठ दिवस मी हे बघितलं आणि गप्प राहिलो. कुणी म्हणेल तिथल्या तिथं टोकायचं. पण चोरी पकडायची तर मुद्देमालासकट, अशी माझी पद्धत. उपप्राचार्यांना बरोबर घेतलं. पुकारा संपला, मस्टरवर सह्या झाल्या, आणि आम्ही दोघं वर्गात शिरलो. मी माणसं मोजली. मस्टरपेक्षा एक डोकं कमी. वैशाली हजर, आणि वैशाली वर्गात नाही.

तिच्यासाठी 'हजर' म्हणणारी संगीता उभी राहिली. तिनं लगेच कबूल केलं. उपप्राचार्य भला माणूस, दुसऱ्या तासाची घाई असलेला. म्हणाले, लेखी माफी घ्या आणि बाकीचं तुम्ही बघा. बाकीचं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी वैशाली ऑफिसात आली, कुणी बोलावण्याआधीच. मी विचारलं, वर्गात नव्हतीस तर कुठं फिरत होतीस.

"फिरत न्हवते भाऊसाहेब. कामावर हुते," ती म्हणाली. "ह्यात लिव्हलंय समदं."

तिनं माझ्यापुढं एक दोनशे पानी वही ठेवली. वर निळ्या पेनानं लिहिलं होतं, सावड. खाली चौघींची नावं.

सावड म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पेरणीला, खुरपणीला माणूसबळ लागतं. मग आज तुमच्या रानात आम्ही राबायचं, उद्या आमच्या रानात तुम्ही. मजुरी नाही, कागद नाही. मात्र एक दिवस घेतला तर एक दिवस परत करायचा, हे पक्कं. त्याला सावड फेडणं म्हणतात. आमच्या भागातल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. या चार मुलींनी ती रानातली सावड कॉलेजला लावली होती.

नर्सरीच्या मालकाला सकाळी एक तरी मुलगी कामावर हवी होती, ती दिली तर बाकीच्या तिघी दुपारी आल्या तरी चालणार होत्या. म्हणून रोज एक कामावर, तीन वर्गात. पाळी लावलेली. चारातला एक दिवस प्रत्येकीचा बुडणार, म्हणजे प्रत्येकीची हजेरी बरोबर पंच्याहत्तर टक्के. विद्यापीठाचा नियम त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचला होता. पाळी सरळ चालली असती तर कुणाला कुणासाठी खोटं 'हजर' म्हणायची गरजच नव्हती.

पण पाळी सरळ चालली नाही. वहीत रोजची एक ओळ होती. पाळी संगीताची, गेली वैशाली, कारण आईला नगरला दवाखान्यात नेलं. पाळी मोनिकाची, गेली वैशाली, कारण टायपिंगची परीक्षा. पाळी रूपालीची, गेली वैशाली, कारण बरं नव्हतं. पानंच्या पानं. ट्रे भरायला ती सगळ्यात चपळ होती म्हणून मालकालाही तीच हवी असायची, आणि तिला नाही म्हणता येत नव्हतं. ती दुसरीच्या पाळीला कामावर गेली की ती दुसरी वर्गात बसून तिच्या नावानं 'हजर' म्हणायची. वैशालीच्या स्वतःच्या पाळीला मात्र कुणी 'हजर' म्हणत नसे. त्यामुळे तो आकडा पंच्याहत्तरवर उभा होता. इतकं प्रामाणिक लबाडीचं काम मी कधी पाहिलं नव्हतं.

हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आरोपीनं स्वतःच्या हातानं पुरावा आणून दिलाय. मी कॅल्क्युलेटर घेतला. अर्धा तास ती टेबलापुढं उभी होती, मी बस म्हणालो नाही. त्या सत्रातली खोटी 'हजर' वजा केल्यावर तिची खरी हजेरी निघाली अठ्ठेचाळीस. बाकीच्या तिघींची प्रत्येकी चौऱ्याऐंशी.

"साठच्या खाली आहे," मी म्हणालो. "आता प्राचार्यही काही करू शकत नाहीत."

"शेवटलं पान बघा भाऊसाहेब. अजून सावड फिटायची हाय."

"कॉलेज म्हणजे तुमचं रान नाही. इथं ज्याची हजेरी त्याला."

शेवटचं पान मी बघितलं नाही. मला जो आकडा हवा होता तो मिळाला होता. वही मी ठेवून घेतली, तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारला, आणि दुपारी यादी फळ्यावर लावली. यादीत त्या वर्गातलं एकच नाव होतं.

यादी लागल्यावर संगीता आली. खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. म्हणाली, वैशालीच्या वडलांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलंय, शिक पण एकदमात शिक, वर्ष गेलं तर पुन्हा कॉलेज नाही. मी ते मनावर घेतलं नाही. फॉर्म अडला की प्रत्येकाचा बाप कडक होतो, हा माझा अनुभव होता. मग ती म्हणाली, "आमच्या तिघींचे जास्तीचे दिस तिच्या नावावर टाका. ते तिचेच हायेत."

मला हसू आलं. हजेरी म्हणजे काय पिशवीतले कांदे आहेत, इकडून काढून तिकडं ओतायला, असं मी तिला म्हणालो. ती गेली. पुढं कित्येक वर्षं मी स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगायचो. 'आमचे दिस तिच्या नावावर टाका' या वाक्याला हमखास हशा मिळायचा. चहाच्या वेळी मला आवर्जून सांगायला लावायचे.

वैशाली पुन्हा कॉलेजात आली नाही. बाप खरंच कडक होता. बाकी तिघी पास झाल्या, निकाल न्यायला एकत्र आल्या, सह्या केल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या. जाताना संगीतानं शिपायाकडून वही मागवली होती. मी कळवलं, ती दफ्तरी जमा आहे.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात कपाट रिकामं करताना ती वही हातात आली. रद्दीत टाकायच्या आधी प्रत्येक कागद तपासायचा, ही सवय. मधली पुष्कळ पानं कोरी होती. शेवटच्या पानावर एक तक्ता आखलेला होता. सत्र संपायला पाच आठवडे राहिले होते, त्या पाच आठवड्यांच्या सगळ्या पाळ्या त्यात आधीच लिहून ठेवलेल्या. संगीता, मोनिका, रूपाली, पुन्हा संगीता, मोनिका, रूपाली. वैशालीचं नाव कामाच्या रकान्यात एकदाही नाही. खाली लहान अक्षरात, वैशाली रोज वर्गात, सावड फिटली.

मी तिथंच कॅल्क्युलेटर काढला. ते पाच आठवडे ती रोज वर्गात बसली असती तर सत्राअखेर तिची खरी हजेरी सहासष्ट झाली असती. साठच्या वर. प्राचार्यांच्या सवलतीत बसत होतं. आणि बाकीच्या तिघी अठ्ठ्याहत्तरवर उतरल्या असत्या, म्हणजे त्याही वाचत होत्या. चौघींनी एकमेकींचे दिवस घेऊन देऊन, कुणाचंही न बुडवता, सगळं बसवलं होतं. खोटं 'हजर'ही पुढं लागणार नव्हतं. मी फक्त पान उलटायला हवं होतं, आणि यादी पाच आठवडे थांबवायला हवी होती. यादी कधी लावायची हे माझ्या हातात होतं. उपप्राचार्यांनी माझ्यावरच सोडलं होतं.

मला त्या दिवशी माझीच लाज वाटली. आयुष्यभर मी पोरांच्या कागदांत खोटं शोधत आलो, आणि एक कागद खरा मिळाला तेव्हा अर्ध्यावर वाचून त्याच्यावर शिक्का मारला.

वही रद्दीत टाकली नाही. घरी आणली, ट्रंकेत ठेवली. बायकोनं विचारलं तर ऑफिसचं काम राहिलंय म्हणालो. ते दोन वर्षं राहिलं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर परसात वांगी लावायची म्हणून रोपं आणायला निघालो. रोपं आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही मिळतात. वही पिशवीत टाकली आणि कॉलेजपलीकडच्या नर्सरीत गेलो.

शेडनेटच्या दारातच ती दिसली. अंगानं भरली होती, डोक्याला रुमाल, हातात शिट्टी. तिथली मुकादम झाली होती. मला तिनं लगेच ओळखलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. किती रोपं हवीत ते विचारलं. मी पन्नास म्हणालो.

आत ट्रेच्या रांगांमध्ये पोरी बसल्या होत्या. मी मोजल्या. मोजायचं असं ठरवलं नव्हतं, डोळे मोजतातच. आठ. बांबूला दोरीनं हजेरीची वही बांधलेली होती, त्यात त्या दिवशीच्या अकरा खुणा. आणि बांबूच्या वरच्या बाजूला खिळ्याला अडकवलेला कागद मी लांबूनही ओळखला. आमच्या कॉलेजचं वेळापत्रक होतं.

"मोजल्या ना?" ती म्हणाली. माझ्याकडे न बघता, ट्रेमधून रोपं उचलत.

मी बांबूच्या वहीकडे बघितलं.

"तिघी कॉलेजात हायेत. दुपारच्याला येत्यात. मालकाला आता अर्ध्या दिसाची पोरगी चालत न्हाई. पन ट्रे अकराजणींचेच भरत्यात, ते मोजा पायजे तर."

म्हणजे आता खोटं मस्टर ती लिहीत होती. कॉलेजात खरी हजेरी लागावी म्हणून कामावर खोटी. मी पिशवीतून तिची जुनी वही काढून दिली. शेवटचं पान मी उशिरा वाचलं, असं म्हणालो. एवढंच म्हणता आलं.

तिनं वही हातात घेतली, वरचा गोल शिक्का बघितला. "शिक्का बी मारलाय," म्हणाली. शेवटचं पान तिनं उघडलं नाही, तिला ते पाठच असणार. मधली पानं चाळली आणि जवळच्या एका पोरीला हाक मारून तिच्या हातात वही दिली. "कोरी पानं हायेत पुष्कळ. उद्यापास्नं पाळी ह्याच्यात लिवा."

तेवढ्यात मालक आला. मोटारसायकलवर बसूनच दारात थांबला. विद्यार्थी असताना तोही माझ्या खिडकीवर उभं राहून गेलेला, त्यामुळे माझा लौकिक त्याला ठाऊक. आत न येता तो म्हणाला, "भाऊसाहेब, बरं झालं घावलात. तुमच्या नजरंतनं काय सुटत न्हाई. मला सकाळपास्नं डाऊट येतोय, पोरी कमी दिसत्यात. जरा मोजा बरं."

पोरींचे हात थांबले. वैशाली रोपं उचलतच राहिली, पण तिची मान ताठ झाली होती. तशीच ती अर्धा तास माझ्या टेबलापुढं उभी होती. तिघींचं काम जाणार होतं, त्याबरोबर कॉलेज जाणार होतं, आणि बहुधा तिचंही मुकादमपण. मालकाला खोटं सांगणं बरोबर की चूक, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला, अजूनही करतो. त्या वेळी केला नाही.

मी पुन्हा एकदा सगळ्या रांगांवरून बोट फिरवलं, सावकाश, त्याला दिसेल असं.

"मोजल्या," मी म्हणालो. "अकरा आहेत."

"तुमी म्हनता म्हंजे मिटलं," तो म्हणाला आणि गाडी वळवून गेला. तेहेतीस वर्षांत माझ्या संशयी स्वभावाचा कुणाला झालेला उपयोग तो एवढाच.

वैशालीनं रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून दिली. उन्हात ठेवू नका, संध्याकाळी लावा, एवढं सांगितलं. हसली नाही, थांबा म्हणाली नाही. मी निघालो तेव्हा मागं ट्रेचे आवाज पुन्हा सुरू झाले होते.

घरी येऊन मी रोपं मोजली. बायको म्हणाली, अहो, आता तरी. पण या वेळी मी कमी आहेत का ते बघत नव्हतो. ओळखीचं माणूस असलं की नर्सरीवाले दोन-चार रोपं वर टाकतात, तसं एखादं तरी तिनं टाकलं असेल, असं मला वाटत होतं. एक जास्त निघालं असतं तर आपलीही सावड फिटली, असं मी समजलो असतो.

पन्नास सांगितली होती. दोनदा मोजली. पन्नासच होती.